डब्यातून जाणारी मालिका

माझ्या मतांना आमच्या घरात किंमत नव्हती, पण त्यांचा तुटवडाही नव्हता. टीव्हीवरच्या कुठल्याही मालिकेबद्दल मला विचारा, मी तयार. न विचारताही तयार. बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीपासून साबणाच्या जाहिरातीतल्या फेसापर्यंत मला सगळ्यावर बोलायचं असायचं. आई म्हणायची, "हिच्या तोंडाला कुणीतरी बूच आणा गं." आता माझा मुलगा कानात बोंडं खुपसून पॉडकास्ट ऐकतो. दोन माणसं बसतात, एखाद्या मालिकेवर तासभर गप्पा हाणतात आणि हजारो लोक ते ऐकतात. परवा मीही ऐकला एक. ह्यात काय एवढं! हे मी नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या पुढच्या खोलीत बसून केलंय. ऐकणारी एकच होती, मलकापूरच्या पुढं घाटाच्या अंगाला राहणारी. माझी अक्का.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, एका प्राथमिक शिक्षकाशी. दाजी माणूस सोन्यासारखा, पण आमच्यातला नव्हता. आमचं घर गुळाच्या अडतीचं, सोयरिकी सगळ्या ठरलेल्या घरांत, पार संकेश्वर-निपाणीपर्यंत. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, लग्नाचं कळलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि सांगितलं, "मी हाय तोवर तिनं ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. आणि माझ्यासमोर तिचं नाव काढायचं न्हाय." अप्पांचा आवाज म्हणजे सौद्यातला आवाज. रोज सकाळी गुळाच्या ढेपांसमोर उभं राहून बोली पुकारायचा धंदा. ते घरात कुजबुजले तरी शेजारची काकू "काय म्हणालासा?" म्हणून डोकवायची. त्या दिवशी तर ते कुजबुजलेही नव्हते, त्यामुळं अख्ख्या गल्लीला कळलं.

विषय संपला. पण तो अप्पांपुरता. आई दर गुरुवारी अक्काला डबा पाठवायची. आमच्याकडं डब्यांची रीतच आहे. खेड्यापाड्यांतनं कोल्हापूरला शिकायला आलेल्या पोरांचे डबे रोज एसटीनं येतात. कंडक्टर ते ड्रायव्हरच्या मागं रांगेनं लावतो आणि पोरं स्टँडवर येऊन आपापला डबा ओळखून नेतात. आमचा डबा उलटा जायचा, कोल्हापुरातनं मलकापूरला. तिथं दाजी सायकल घेऊन स्टँडवर उभे असायचे, आणि पुढच्या खेपेला रिकामा डबा परत यायचा. डब्यात शेंगदाण्याची पोळी, तिळाची चटणी, कधी आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली झबली-टोपडी. तेव्हा अक्काला मूलबाळ काही नव्हतं, पण आईचं आपलं चालूच. अप्पांना ह्यातलं काही माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

मला अक्काची आठवण यायची ती मालिका बघताना. आम्ही दोघी एका चादरीत पाय घालून टीव्ही बघायचो आणि पात्रांना शिव्या द्यायचो. ती गेली आणि शिव्या द्यायला जोडीदारच उरला नाही. त्यात नेमकी त्या साली केबलवर एक मालिका सुरू झाली, दर मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला. एक निवृत्त न्यायाधीश, त्याचा मोठा बंगला, कारस्थानी थोरली सून आणि घर सोडून गेलेला धाकटा मुलगा. मुलाला वकिली करायची नव्हती, तबला वाजवायचा होता. न्यायाधीशानं त्याची खोली कुलूप लावून बंद केलेली. अक्काच्या गावात केबल नव्हती. साधा टीव्ही लावला तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. तिनं रिकाम्या डब्यातनं आलेल्या चिठ्ठीत लिहिलं, "तू नुसती मालिकेची गोष्ट सांगत जा. मला इथं रानातल्या मोरांशिवाय कोण बोलणारं न्हाय."

गोष्ट लिहून पाठवायची म्हणजे परीक्षेसारखं झालं. मी टेप घेतला. आईच्या भजनांच्या दोन कॅसेट होत्या. त्यांच्या वरच्या कडेची खाच फोडलेली असली की त्यांवर काही भरता येत नाही, पण खाचेवर चिकटपट्टी लावली की येतं. ही विद्या मला दाजींनीच चिठ्ठीतनं शिकवली होती. आईची भजनं गेली, आणि त्या दोन संपल्यावर मी खाऊच्या पैशांतनं कोऱ्या आणायला लागले. टेप टीव्हीच्या स्टुलावर ठेवायचा, मालिकेचं गाणं वाजलं की दोन बटणं एकदम दाबायची, जाहिराती आल्या की थांबवायचं. जिथं कुणी बोलत नाही तिथं मी टेपजवळ तोंड नेऊन सांगायची: "आता न्यायाधीश जिन्यावर उभा आहे. हा माणूस घरात सदा जिन्यावरच का उभा असतो, देव जाणे. आता तो खिडकीबाहेर बघतोय. बाहेर काय आहे ते दाखवणार नाहीत, तू आशा ठेवू नको."

भाग संपला की कॅसेटच्या बाजूला सहा-सात मिनिटं उरायची. त्यात माझं मत. त्या बंगल्यात कुणी कधी भांडी घासताना का दिसत नाही? थोरली सून झोपेतसुद्धा कानातले एवढाले झुमके काढत नाही, हिला कूस बदलता येते का? धाकट्याचा तबला वाजतो तेव्हा हात भलतीकडंच पडतात, हे दिग्दर्शकाला दिसलं नाही का तो घरी गेला होता? मी बोलत सुटायची, मध्येच खटकन आवाज व्हायचा आणि टेप संपायचा. गुरुवारी ती कॅसेट फडक्यात गुंडाळून डब्यातनं जायची. अक्काची चिठ्ठी यायची, "तुझं मत मालिकेपेक्षा भारी. पण जरा दम खात जा." मी हवेत.

अडचण एकच होती, घरातला आवाज. कुकरची शिट्टी, आईचं "पाणी आलं गं!", दारावरचा बोंबील विकणारा. मी सगळ्यांना दटावायची. आईनं तर मंगळवारी संध्याकाळी पातेलं सांडशीनं उचलायचंसुद्धा बंद केलं होतं, फडक्यानं उचलायची. आणि तीन-चार भाग झाल्यावर पुढच्या खोलीत अप्पा येऊन बसायला लागले.

आता अप्पा आणि मालिका! बातम्या आणि कुस्ती सोडून त्या माणसानं टीव्हीकडं ढुंकून बघितलं नव्हतं. ते येऊन बरोबर स्टुलाजवळच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, टेप कशाला लावलाय म्हणून विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, मैत्रिणीसाठी म्हणून. त्यांनी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी निमूट बसले. दुसऱ्या मंगळवारी न्यायाधीश बंद खोलीच्या कुलपाला हात लावून उभा होता, मागं सनई रडत होती, इतका मस्त सीन, आणि अप्पा सौद्यातल्या आवाजात म्हणाले, "खोली बंद ठेवून काय हुतंय? वाळवी लागंल की. हवा लागाय पायजे."

"अप्पा, गप बसा की! भरतंय टेपात."

"व्हय व्हय. ऱ्हायलं."

पण राहिलं कुठलं? पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. धाकटा मुलगा एका खोलीत भाड्यानं राहतो असा सीन होता. अप्पा म्हणाले, "पोरगं दोन टाइम जेवतंय का न्हाय, कोण इचारतंय का? ह्या शिकलेल्या लोकांचं काय खरं न्हाय." मी पुन्हा दटावलं. मग जून महिन्यात तर कहर झाला. मालिकेत दिवाळी चालू होती, पणत्या काय, आकाशकंदील काय, आणि अप्पा म्हणतात कसे, "पावसाळ्यात घाटात दरड पडती. एसटीनं जायाचं तर गर्दीत लोंबकळत जाऊ नये. एक गाडी सोडावी, पण बसून जावं."

मी बटण दाबून टेपच थांबवला. "अप्पा, मालिकेत एसटी नाही, घाट नाही आणि पाऊसपण नाही! त्यांच्याकडं मोटार आहे!"

"मग बरं हाय," अप्पा म्हणाले. "मोटार आसंल तर बरं हाय."

आई आत फडक्यानं पातेलं धरून उभी होती.

अक्काच्या चिठ्ठ्याही त्याच सुमाराला विचित्र यायला लागल्या. आधी ती थोरल्या सुनेबद्दल लिहायची. आता लिहायची, "त्या न्यायाधीशाला सांग, पोरगं दोन टाइम पोटभर जेवतंय." किंवा, "न्यायाधीशाला म्हणावं, रस्ता चालू आहे, काळजी करू नको." मी ह्या चिठ्ठ्या सगळ्यांना वाचून दाखवायची, कारण माझ्या कार्यक्रमाला आलेली पत्रं होती ती! अप्पा समोरच पेपर वाचत असायचे. अक्काचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून मी "माझी मैत्रीण लिहिते" म्हणायची आणि वर माझं मत जोडायची, "हिचं डोकं फिरलंय. न्यायाधीशाला मी कसं सांगणार? तो काय टीव्हीतनं बाहेर येऊन ऐकणार आहे?" अप्पा पेपराचं पान उलटायचे.

दुसऱ्याच सीनमध्ये कोण कुणाला विष घालणार हे ओळखणारी मी. पडद्यावरच्या माणसाची भुवई हलली तरी त्याच्या मनात काय आहे ते सांगायची. आणि स्वतःच्या घरात? आंधळी कोशिंबीर. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात, तसा माझ्या नाकासमोर बाप-लेकीचा सौदा चालला होता, आणि मी त्यांना म्हणत होते, रुमाल काढा, मला त्रास होतोय.

नुसतं म्हणत नव्हते. मी तो काढलाच. लक्ष्मीपुरीत एक रेडिओ दुरुस्त करणारे काका होते. त्यांनी मला एक वायर बनवून दिली. तिचं एक टोक टीव्हीच्या मागच्या भोकात, दुसरं टेपात. बाहेरचा चिटपाखराचा आवाज यायचा नाही, थेट टीव्हीतलाच आवाज उतरायचा. माझं मतसुद्धा वायर काढून मगच भरावं लागायचं. मी चाचणी घेतली. न्यायाधीशाचा नुसता श्वास ऐकू येत होता! मला स्वर्ग दोन बोटं उरला. मंगळवारी अप्पा येऊन बसले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात वायर दाखवली. "अप्पा, आता बोला किती बोलायचं ते. आता तुमचं ह्यात काहीसुद्धा येत नाही."

"कायसुदीक न्हाय?"

"एक शब्द नाही."

अप्पा थोडा वेळ त्या वायरीकडं बघत बसले. मालिका सुरू झाली. निम्म्यातच ते उठले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. पुढच्या मंगळवारी आलेच नाहीत. मला वाटलं, चला, सुटले. आई मात्र त्या रात्री मला म्हणाली, "काढून टाक ती वायर." मी विचारलं, का? ती म्हणाली, "उगीच. करंट बसंल." मी हसले. मला वाटलं, अडाणी आहे बिचारी.

तीन कॅसेट तशाच गेल्या, काचेसारख्या स्वच्छ. अक्काच्या चिठ्ठीत फक्त "घरी सगळं बरं आहे ना?" एवढंच. मी लिहिलं, बरं आहे, आवाज कसा वाटला ते सांग. उत्तर आलं नाही. मला राग आला. एवढी वायर करून आणली, माझ्या खाऊच्या पैशांतनं, आणि दोन ओळींचं कौतुक होत नाही हिच्यानं!

शुक्रवार होता. अप्पा सौद्यावरनं येऊन जेवायला बसले होते. आई भाकरी थापत होती, मी पाणी भरत होते. दारात कोणीतरी धापा टाकत उभं राहिलं. अक्का. चपला हातात, केस विस्कटलेले, मलकापुरातनं मिळेल त्या गाडीनं आलेली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली, आत पाय टाकला नाही. आणि अप्पांकडं बघून म्हणाली, "हायसा न्हवं तुम्ही? बरं हायसा न्हवं?"

अप्पांचा घास हातातच राहिला. "मला काय धाड भरलीय?"

"मग तुमचा आवाज का न्हाय? तीन कॅशेटी झाल्या. आधी वाटलं, ह्या भागात बोलला नसतील. दुसरी आली, त्यात न्हाय. तिसरी आली, खोकला सुदीक न्हाय तुमचा. मला वाटलं..." काय वाटलं ते आम्हाला कळलं. मी हाय तोवर, असं अप्पाच म्हणाले होते.

अप्पांनी खरकट्या हातानं माझ्याकडं बोट केलं. "ही शाणी! हिनं वायर बसिवलीय. मी काय बोलू न्हाय म्हणून."

मग मला कळलं. सगळं एकदम कळलं. वाळवी, दोन टाइम जेवण, दरड, एसटी. मी घागर खाली ठेवली आणि तिथंच बसले. ऐकायला एकच माणूस होतं माझ्या कार्यक्रमाला, आणि ते माझ्यासाठी ऐकत नव्हतं. मला लाज वाटली. खरं सांगते, आधी थोडा रागही आला. मग लाज.

अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहून रडत होती. अप्पा उठले, हात न धुताच दारात गेले. म्हणाले, "रडाय काय झालं? हाय की मी. दीड वरीस झालं, वाट बघून डोळं दुखाय लागलं माझं. आत ये. तुझं तू येशील म्हणून मी बसलो, माझा मी बोलवंन म्हणून तू बसलीस. दोघंबी गाढवं." आणि मग सौद्यातल्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आगं ए, पोरगी आलीया माझी! भाकरी टाक!" आईनं तव्यावरची करपलेली भाकरी बाजूला केली आणि दुसरी थापायला घेतली. तिचे डोळे पुसायला पदरही कोरडा नव्हता, पिठाच्या हातांनीच पुसले.

दाजी रविवारी आले. अप्पा त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "पावणं, त्या न्यायाधीशाचं पुढं काय हुतंय, तुम्हास्नी काय वाटतंय?" दाजींना त्या मालिकेतलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण हुशार माणूस. म्हणाले, "येतोय की पोरगा घरी." मालिकेत तो आलाच नाही. पुढं ती इतकी भरकटली की न्यायाधीश बदलला, म्हणजे नटच बदलला, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझं मत विचाराल तर तिथंच ती मालिका मेली. पण तोवर आम्ही सगळे एकत्र बसूनच बघत होतो, टेपाशिवाय.

अप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दोन हजारनंतरची गोष्ट, अक्काची पोरगी शाळेत जायला लागली होती. बाराव्या दिवसानंतर घरातली पाहुणेमंडळी पांगली आणि अक्कानं पिशवीतनं कॅसेट काढल्या. एकही तिनं टाकली नव्हती. वायरीच्या तीन सुद्धा होत्या, पण त्या तिनं कधी पुन्हा लावल्या नव्हत्या. आम्ही माळ्यावरनं टेप काढला, धूळ पुसली आणि दुपारभर तिघी ऐकत बसलो, आई, अक्का आणि मी.

मालिका आता ऐकवत नाही. संवाद काय ते एकेक, नुसता तुपात बुडालेला शिरा. मध्ये मध्ये कुकर वाजतो, आई पाणी आलं म्हणून ओरडते. माझी मतंही ऐकली. देवा रे! ती पोर एवढी का बोलत होती? आणि प्रत्येक कॅसेटमध्ये, अप्पांनी तोंड उघडलं की लगेच माझा आवाज, चिरका, वैतागलेला: "अप्पा, गप बसा की!" एकदा नाही, दहादा. मला कान झाकावेसे वाटले. मी टेप बंद करायला गेले तर अक्कानं माझा हात धरला. "थांब," ती म्हणाली. "तू त्यांना गप केल्यावर पुढं काय हाय, ते तू कधी ऐकलंच न्हाईस."

तिनं ती पावसाळ्यातली कॅसेट लावली. दिवाळीचा सीन, घाटातली दरड, आणि मग मी खटकन थांबवलेलं. पुढं पुन्हा सुरू झालं तेव्हा मी म्हणते, "आता कुणी बोलायचं नाही हं, अप्पा." मालिकेतली माणसं बोलत राहतात. मी बहुधा पडद्याकडं बघत असेन. मग अगदी टेपाजवळ, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. आणि ज्यांना हळू बोलता येत नाही असं आम्ही सगळे समजत होतो, ते अप्पा इतकं हळू बोलतात की खोलीत बसलेल्या मलाही तेव्हा ऐकू आलं नव्हतं.

"जेवत जा वेळेवर," ते म्हणतात. "मी हाय."